घटक ४ : ऋण, क्षमा आणि कृपा – मराठी ख्रिस्ती साहित्यातील एक मूलकल्पना

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला,
• पाप म्हणजे ऋण, ही ख्रिस्ती धर्मविचारातील कल्पना मराठी भाषेच्या आधारे स्पष्ट करता येईल;
• क्षमा, प्रायश्चित्त, भरपाई आणि कृपा या संकल्पनांतील फरक सांगता येईल;
• पंडिता रमाबाई व ना. वा. टिळक यांच्या जीवनाचा आणि लेखनाचा या कल्पनेशी असलेला संबंध उलगडून दाखवता येईल;
• या कल्पनेवरील आक्षेपांचा साधकबाधक विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची सवय होती, म्हणून स्टीफन्सने पुराणाचाच घाट स्वीकारला आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरण्यासही तो कचरला नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांची बायबल भाषांतरे, १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७), टिळक दांपत्याचे लेखन आणि आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ अशी ही परंपरा वाहत आली. मागील घटकांत आपण तिचा इतिहास पाहिला. या घटकात तिच्यातील एकच मूलकल्पना घेऊन तिचा बारकाईने विचार करू.

ती कल्पना अशी : मनुष्याचे पाप हे देवाचे ऋण आहे; ते मनुष्याला फेडता येत नाही; देव ते आपण होऊन सोडून देतो. या सोडून देण्याला ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ म्हणतात आणि कृपेने लाभणाऱ्या मुक्तीला ‘तारण’ म्हणतात.

हा पाठ धर्मोपदेशाचा नाही. ही श्रद्धा मान्य असणे अथवा नसणे हा प्रत्येकाचा प्रश्न आहे. साहित्याचा विद्यार्थी म्हणून आपले काम इतकेच, की ही श्रद्धा कोणत्या शब्दांतून व्यक्त होते आणि ते शब्द कोणत्या अनुभवातून आले आहेत हे समजून घेणे. त्या दृष्टीने तुमच्याजवळ एक भांडवल आधीच आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत, जामसरसारख्या गावात राहून जो विद्यार्थी ही पुस्तिका वाचत असेल, त्याला कर्ज म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस वीटभट्टीच्या मालकाकडून घेतलेली ‘उचल’ आणि ती फिटेपर्यंत भट्टीवर काढावे लागणारे दिवस या भागाला ठाऊक आहेत. हा अनुभव बाजूला ठेवून नव्हे, तर सोबत घेऊनच हा घटक वाचावा.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ‘फेडणे’ आणि ‘सोडणे’ : मराठीतील ऋणाची भाषा

मराठी माणूस केवळ पैशांचे कर्ज फेडत नाही. तो नवस फेडतो, आईबापांचे पांग फेडतो, उपकार फेडतो. एखाद्याने घोर अन्याय केला तर ‘कुठे फेडशील हे पाप?’ असे आपण म्हणतो. म्हणजे पाप ही फेडण्याची वस्तू आहे, ही जाणीव आपल्या बोलीत पूर्वीपासून आहे. वैदिक परंपरेने सांगितलेली देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणेही याच जातीची. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, असे ती सांगते.

आता या भाषेतील क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘फेडणे’ याचा कर्ता ऋणको असतो. ‘फिटणे’ हे अकर्मक क्रियापद. ऋण फिटले म्हणजे हिशेब संपला. ‘बुडणे’ हे धनकोच्या बाजूचे क्रियापद. ऋणकोने दिले नाही, की धनकोचे पैसे बुडतात. आणि ‘सोडणे’ याचा कर्ता केवळ धनकोच असू शकतो. ऋणकोने कितीही इच्छा केली तरी स्वतःचे ऋण त्याला ‘सोडता’ येत नाही.

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेची जी मागणी आहे, ती मत्तयच्या शुभवर्तमानात ‘ऋण’ या शब्दात आली आहे. लूकच्या शुभवर्तमानात तिथे ‘पाप’ हा शब्द येतो. हा विरोध नव्हे. येशूच्या अरामी बोलीत ऋण आणि पाप या दोन्ही अर्थांनी एकच शब्द चालत असे. ‘क्षमा करणे’ यासाठी ग्रीक मुळात जे क्रियापद आहे, त्याचाही साधा अर्थ ‘सोडून देणे, जाऊ देणे’ असा आहे. प्रचलित मराठी बायबलात मत्तयचे भाषांतर करताना ‘ऋण’ हा शब्द राखून त्याला ‘सोडणे’ हे क्रियापद जोडले आहे. भाषांतरकारांची ही निवड अचूक आहे. कारण ख्रिस्ती तारणविचाराचे सार या एका बदलात आहे. मनुष्य ‘फेडू’ पाहतो; देव ‘सोडतो’. क्रियापद बदलले, की वाक्याचा कर्ताही बदलतो.

४.३.२ दोन कर्जांची कथा

मत्तयच्या अठराव्या अध्यायात एक दृष्टान्त आहे. आपला अपराध करणाऱ्याला किती वेळा क्षमा करावी, असे पेत्र विचारतो, तेव्हा येशू ही कथा सांगतो. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार तालांतांची बाकी निघते. ती देणे अशक्य असल्याने राजा त्याला, त्याच्या बायकोमुलांना व मालमत्तेला विकण्याचा हुकूम देतो. चाकर पाया पडून मुदत मागतो. राजाला त्याची दया येते आणि तो सगळे ऋण सोडून देतो. बाहेर पडताच त्या चाकराला त्याचा एक सोबती भेटतो. त्याच्याकडे याचे शंभर दिनार येणे असते. हा त्याची मानगूट धरतो, त्याने मुदत मागितली तरी ऐकत नाही आणि त्याला तुरुंगात टाकतो. हे कळताच राजा त्याला परत बोलावतो आणि सगळी बाकी फिटेपर्यंत शिक्षेस सोपवतो.

येथे आकडे महत्त्वाचे आहेत. दिनार ही साधारणपणे मजुराची एका दिवसाची मजुरी होती आणि एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार होत. म्हणजे पहिले ऋण ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तरी दोन लाख वर्षांचे. दुसरे ऋण शंभर दिवसांच्या मजुरीचे. दुसऱ्याच्या सहा लाख पट पहिले आहे. दुसरे ऋणही क्षुल्लक नाही; हंगामभराची मजुरी ही गरिबाला मोठीच रक्कम असते. ती फेडता येण्याजोगी आहे. पहिली मात्र कधीच फेडता येण्याजोगी नाही.

चाकराच्या विनंतीतही एक खोच आहे. तो सूट मागत नाही, मुदत मागतो. ‘सारे फेडीन’ असे तो म्हणतो. दोन लाख वर्षांचे ऋण फेडण्याचा हा दावा म्हणजे स्वतःच्या स्थितीची जाणीव नसल्याची खूण. राजा त्याने मागितलेले देत नाही, न मागितलेले देतो. पण चाकर मनाने हिशेबाच्याच जगात राहतो, म्हणून सोबत्याला तो हिशेबानेच वागवतो. ज्याला आपले ऋण सोडले गेले हे खरोखर उमगले, तो दुसऱ्याची मानगूट धरू शकत नाही, असे ही कथा सुचवते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) रिकाम्या जागा भरा.
१. ऋण ‘सोडणे’ या क्रियेचा कर्ता ______ असतो.
२. दृष्टान्तातील चाकर राजाकडे ______ मागतो.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
‘ख्रिस्तपुराण’ प्रथम केव्हा व कोठे छापले गेले?

४.३.३ सोडलेल्या ऋणाचा तोटा कोण सोसतो?

धनकोने ऋण सोडले म्हणजे ते हवेत विरते काय? नाही. शंभर रुपये सोडले, तर सोडणाऱ्याचे शंभर रुपये जातात. ऋणकोला जे फुकट मिळते त्याची किंमत धनको मोजतो. ख्रिस्ती धर्मविचारात येशूच्या वधस्तंभाचा अर्थ लावताना हाच विचार पुढे येतो. आपल्या विरुद्ध असलेला ऋणाचा दस्तऐवज देवाने वधस्तंभाला खिळून रद्द केला, अशा आशयाची प्रतिमा कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे.

या प्रतिमेचा तर्कशुद्ध विस्तार कँटरबरीच्या अॅन्सेल्म या धर्मगुरूने अकराव्या शतकाच्या अखेरीस केला. पापामुळे देवाच्या सन्मानाचे ऋण निर्माण होते. देणे मनुष्याचे, पण देण्याचे सामर्थ्य केवळ देवाचे. म्हणून देव असून मनुष्य झालेला ख्रिस्तच ते देऊ शकतो, असा त्याचा युक्तिवाद. पुढील शतकातील आबेलारने मात्र भर दिला तो वधस्तंभावर प्रकट झालेल्या प्रेमावर. ते प्रेम पाहून मनुष्याचे अंतःकरण पालटते, असे त्याचे म्हणणे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या चळवळीने ‘केवळ कृपेने, श्रद्धेच्या द्वारे’ तारण हा मुद्दा वादाच्या केंद्रस्थानी आणला आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती समाज दुभंगला. १९९९ मध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघ यांनी ऑग्सबुर्ग येथे या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण मनुष्याच्या गुणवत्तेवर नव्हे, तर देवाच्या कृपेवर अवलंबून आहे, एवढे दोघांनी मिळून मान्य केले. मराठी ख्रिस्ती साहित्यात गोवा-वसईची कॅथलिक आणि अहमदनगर-मुंबईची प्रॉटेस्टंट अशा दोन्ही धारा असल्याने हा संदर्भ तुम्हाला माहीत असावा.

४.३.४ पंडिता रमाबाई : पुण्याच्या हिशेबापासून ‘कृपासदना’पर्यंत

मराठीत या कल्पनेचा सर्वांत जिवंत पुरावा पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आयुष्यात सापडतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व धर्मनिष्ठ. कुटुंबासह ते वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत, व्रते आणि दानधर्म करीत हिंडले. हाती होते ते धन पुण्यकर्मांत संपले आणि १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास वाचले. पुढे कलकत्त्यातील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथे जे पाहिले त्याचा उल्लेख त्यांनी आपल्या साक्षीत केला आहे. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी तेथील धर्मभगिनी लंडनमध्ये आश्रयगृह चालवत. अशा स्त्रियांना इतक्या मायेने वागवले जाते हे पाहून रमाबाई चकित झाल्या. त्यांनी कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांना समजावून दिली. आपल्या मनावर तिचा खोल परिणाम झाला, असे रमाबाई सांगतात.

तरीही बाप्तिस्म्याने त्यांचा शोध संपला नाही. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, या आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या साक्षीत दिली आहे. धर्म बदलला तरी हिशेबाची वृत्ती तशीच राहू शकते, हे त्यांच्या ध्यानी आले होते. आपली पात्रता वाढवून नव्हे, तर आहोत तसे स्वीकारले जाऊन तारण लाभते, ही खात्री त्यांना १८९० च्या सुमारास झाली.

या जाणिवेला त्यांनी विटामातीचे रूप दिले. केडगाव येथील मुक्ती मिशनच्या परिसरात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी जे घर उभारले त्याचे नाव ‘कृपासदन’ ठेवले. ‘सुधारगृह’ किंवा ‘प्रायश्चित्तगृह’ हे शब्दही शक्य होते. पण सुधारणा ही येणारीची परीक्षा असते आणि प्रायश्चित्त ही फेड असते. ‘कृपा’ या शब्दात येणारीकडून आधी काही मागितलेले नाही. उत्तरायुष्यात रमाबाईंनी संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रियांना ते स्वतः वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता.

रमाबाईंच्या धर्मांतराने व कार्याने महाराष्ट्रात तीव्र वाद झाले. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या मुद्द्यावरून १८९३ च्या सुमारास पुण्यातील अनेक पाठीराखे दुरावले. त्यांच्या लेखनाचे मूल्यमापन करताना हा इतिहासही लक्षात घ्यावा.

४.३.५ टिळक आणि तुकोबांचा पूल

कृपा ही कल्पना महाराष्ट्रात बाहेरूनच आली, असे म्हणता येत नाही. देवाने आपण होऊन भक्ताला जवळ करावे, ही आर्तता वारकरी संतांच्या वाणीत आहेच. वैष्णव परंपरेत माकडाच्या पिलाचा आणि मांजराच्या पिलाचा न्याय सांगतात : माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते.

तुकोबांचे घराणे महाजनकीचे व सावकारीचे होते. परंपरेने सांगितलेल्या चरित्रकथेनुसार, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. खते बुडवणारा सावकार ही प्रतिमा मराठी मनात अशी आधीपासून रुजलेली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. म्हणूनच त्यांनी भक्तिगीतांसाठी अभंग निवडला आणि ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याला हात घातला. ते अपूर्ण राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

साम्याइतकाच भेदही ध्यानात घ्यावा. ख्रिस्ती विचारात कृपा ही एका ऐतिहासिक व्यक्तीच्या मृत्यूशी व पुनरुत्थानाशी जोडलेली आहे. वारकरी विचारात ती नामस्मरण आणि संतसंगतीच्या वाटेने येते. ‘कृपा’ हा एकच शब्द दोन परंपरांत आला म्हणून त्यांचे अर्थ एकच ठरत नाहीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
योग्य की अयोग्य ते सांगा.
१. ‘कृपासदन’ हे घर वाँटेज येथे होते.
२. ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून पूर्ण झाले नाही.
३. आबेलारने देवाच्या सन्मानाच्या ऋणावर भर दिला.

४.३.६ आक्षेप आणि विवेक

या कल्पनेवर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप : सारे ऋण फुकट सुटत असेल, तर नीतीने वागायचे कशाला? जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात अशा सवंग कृपेवर प्रखर टीका केली. जीवन न बदलता घेतलेली क्षमा ही कृपा नव्हे, असे त्याचे म्हणणे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तो जकातदार. लोक त्याचा तिरस्कार करीत असताना येशू आपण होऊन त्याच्या घरी जातो. त्यानंतर जक्कय आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे जाहीर करतो. क्रम पाहा : स्वीकार आधी, भरपाई नंतर. भरपाई ही स्वीकाराची किंमत नाही, पण स्वीकारानंतर ती टळतही नाही. देवाचे ऋण सुटले म्हणून शेजाऱ्याचे देणे बुडवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि आपल्या भागात तो विशेष जाणवतो. देवाला धनको आणि मनुष्याला ऋणको म्हटले, की देवाचा चेहरा सावकारासारखा दिसू लागत नाही काय? जव्हारच्या शेजारच्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यात स्वातंत्र्यपूर्व काळी ‘लग्नगडी’ ही प्रथा होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत नवराबायको त्याच्याकडे राबत. हिशेब सावकाराच्या वहीत. वाचता न येणाऱ्याला तो कळणार कसा? कित्येकांचे आयुष्य संपले, ऋण संपले नाही. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या जगाचे आणि १९४५ मध्ये त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्याचे चित्रण आहे. पुढे १९७६ च्या केंद्रीय कायद्याने वेठबिगारीचे ऋण रद्द ठरवले. रद्द झालेल्या ऋणापोटी धनकोने काहीही स्वीकारणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे.

लग्नगड्याचे रद्द झालेले ऋण आणि दृष्टान्तातले सोडलेले ऋण सारखे दिसले तरी त्यांत मूलभूत भेद आहे. क्षमा होते ती खऱ्या ऋणाची. ‘तू माझे देणे लागतोस, तरी मी सोडतो,’ असे क्षमा म्हणते. लग्नगड्याच्या माथी बसवलेले ऋण मुळात अन्यायाचे होते. ते रद्द करणे ही कोणाची कृपा नव्हे. तो न्याय आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कृपेची भाषा ऐकवून गप्प बसवणे हा त्या भाषेचा दुरुपयोग होय. या व्यवहारात क्षमेची गरज कोणाला होती, असे विचारले तर उत्तर एकच : वही ज्याच्या हाती होती त्याला.

ही दृष्टी ठेवून दृष्टान्त पुन्हा वाचा. फेडता न येणारे ऋण ज्याच्या नावावर होते, तोच पुढे शंभर दिनारांसाठी दुसऱ्याची मानगूट धरतो. सावकाराला या कथेत जागा आहे, ती राजाची नव्हे, त्या चाकराची. म्हणजे ऋणाच्या रूपकातच सावकारीवरची टीका दडलेली आहे. यहुदी धर्मशास्त्रात दर सातव्या वर्षी कर्जमाफीची आणि पन्नासाव्या वर्षी गहाण गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत करण्याची आज्ञा होती. येशूच्या श्रोत्यांच्या कानांवर ‘ऋण सोडणे’ हे शब्द पडत, तेव्हा त्यांच्या मनासमोर शेते, दावे आणि विकली गेलेली मुलेही उभी राहत असणार. रूपक समजून घेताना ही माती झटकून टाकू नये.

४.४ सारांश

ख्रिस्ती धर्मविचार पापाकडे ऋण म्हणून पाहतो. मनुष्य ते फेडू पाहतो, पण फेडू शकत नाही. देव ते सोडतो आणि सोडण्याची किंमत स्वतः सोसतो, अशी ही श्रद्धा आहे. मराठीतील ‘फेडणे’ व ‘सोडणे’ या क्रियापदांमुळे हा भेद नेमकेपणाने व्यक्त होतो. रमाबाईंच्या जीवनात ही कल्पना पुण्यसंचयाच्या वाटेकडून कृपासदनाकडे नेणारी ठरली. टिळकांनी तिला तुकोबांच्या परंपरेशी जोडले. कृपा ही भरपाईला पर्याय नाही आणि अन्याय झाकण्याचे साधनही नाही. ज्याला ऋण सुटल्याची जाणीव झाली त्याने दुसऱ्याचे ऋण सोडावे, ही तिची कसोटी आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

कृपा : पात्रता न पाहता देवाने केलेला स्वीकार.
तारण : ख्रिस्ती परिभाषेत पापापासून मुक्ती. (व्यवहारात ‘कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू’ असाही अर्थ, या दोन अर्थांची गल्लत करू नये.)
प्रायश्चित्त : पापक्षालनासाठी करावयाचे कृत्य.
धनको / ऋणको : कर्ज देणारा / कर्ज घेणारा.
शुभवर्तमान : येशूचे चरित्र व शिकवण सांगणारा ग्रंथ.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. धनको २. मुदत (आ) ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे प्रथम छापले गेले.
प्रश्न २ : १. अयोग्य (ते केडगाव येथे होते) २. योग्य ३. अयोग्य (तो भर अॅन्सेल्मचा)

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘क्रियापद बदलले, की वाक्याचा कर्ताही बदलतो’ या विधानाच्या आधारे ख्रिस्ती कृपाविचार स्पष्ट करा.
२. पंडिता रमाबाईंच्या जीवनातील ‘धर्म सापडणे’ आणि ‘ख्रिस्त सापडणे’ यांतील अंतर विशद करा.
३. क्षमा आणि न्याय यांतील भेद लग्नगडी प्रथेच्या संदर्भात चर्चा करून सांगा.
४. टिपा लिहा : (अ) जक्कय (आ) सवंग कृपा (इ) तुकोबांचा पूल

४.८ उपक्रम

तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांशी बोलून कर्ज, उचल, खावटी, व्याज, फेड आणि सूट यांसाठी तुमच्या बोलीत वापरले जाणारे शब्द, म्हणी व वाक्प्रयोग गोळा करा. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांपैकी कोणत्या समाजात कोणता शब्द चालतो, याची नोंद ठेवा. प्रत्येक शब्दापुढे त्याचा कर्ता ऋणको आहे की धनको, ते लिहा. सांगणाऱ्यांच्या खाजगी व्यवहाराचे आकडे वा नावे वहीत घेऊ नका. आपल्याला हवी आहे ती त्यांची भाषा.